दावा संपतो कुठे? कणकवली, कोल्हापूर आणि न्यू जर्सी

18 ऑगस्ट 2025 पासून कणकवलीच्या पक्षकाराला हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागत नाही. आदल्या दिवशी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता तिथे चालतात. या मागणीसाठी वकिलांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ मोर्चे काढले, उपोषणं केली, कामकाज बंद ठेवलं.

हे चांगलं झालं, असं मला वाटतं. पण वरचं कोर्ट जवळ आलं म्हणून न्याय जवळ आला का, या प्रश्नावर गणपतीच्या सुट्टीत एका घरात दोन वकिलांचं चांगलंच जुंपलं. काका कणकवलीच्या कोर्टात आयुष्यभर वाटपाचे, वहिवाटीचे, बांधाचे दावे चालवत आलेले. पुतणी न्यू जर्सीत वकिली करणारी. मी बराच वेळ नुसता ऐकत होतो.

पुतणी : काका, कोल्हापूर झालं याचा तुम्हाला आनंद आहे, तो मला कळतो. पण वरचं कोर्ट हाकेच्या अंतरावर आलं, की वर जाणारे वाढणारच. मग खालच्या निकालाला किंमत काय उरली?

काका : मुंबई लांब होती तेव्हा वर कोण जायचं, ते आधी बघ. ज्याचा भाऊ डोंबिवलीत किंवा विरारला राहतो, तो जायचा. ज्याचं मुंबईत कोणी नाही, तो खालच्या निकालावर गप्प बसायचा. कोकणकन्येने रात्री निघायचं, पहाटे सीएसएमटीला उतरायचं, स्टेशनातच तोंड धुवायचं, वडापाव खायचा आणि फोर्टात जाऊन बोर्डावर आपला नंबर शोधायचा. संध्याकाळपर्यंत नंबर लागला नाही, तर परत गाडी. ही रेल्वेसुद्धा 1998 पासून पूर्ण धावायला लागली. त्याआधी रातराणी एसटी. आता सकाळी निघालेला माणूस फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे दुपारच्या आत कोल्हापुरात पोचतो आणि रात्रीच्या जेवणाला घरी असतो. जो गप्प बसायचा, तो आता जाईल. त्याचं जाणं तुला वाढीव वाटतं, मला तो त्याचा हक्क वाटतो.

पुतणी : हक्क आहेच. पण अमेरिकेने हे सगळं आधी करून बघितलंय. 1789 च्या कायद्याने तिथे सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांनाच गावोगाव फिरायला लावलं होतं. वर्षातले कित्येक महिने घोड्यावर, घोडागाडीत, खराब रस्त्यांवर. सर्किट म्हणजे त्यांची फेरी. लोकांच्या दारात सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश यायचा.

काका : म्हणजे आम्ही चाळीस वर्षं जे मागत होतो, तेच ना?

पुतणी : हो, पण त्यांनी ते सोडलं. न्यायाधीश थकले, कामं साचली. आणि फेरीवर असताना स्वतः दिलेला निकालच पुढे त्यांच्या कोर्टात अपिलात यायचा. शेवटी 1891 मध्ये मधली अपील कोर्टं वेगळी केली. आज संघराज्याची 94 जिल्हा न्यायालयं, त्यांच्यावर 13 अपील कोर्टं आणि त्यांच्यावर नऊ न्यायाधीशांचं सुप्रीम कोर्ट.

काका : मग तीच तर आमची रचना आहे. खाली तालुका, मध्ये जिल्हा, वर हायकोर्ट, दिल्लीला सुप्रीम कोर्ट.

पुतणी : नाही काका. तिथे शिड्या दोन आहेत.

हा फरक आपल्याकडे फार थोड्यांच्या लक्षात येतो, म्हणून तिने तो एडिसनमधल्या एखाद्या मराठी कुटुंबाचं उदाहरण घेऊन सांगितला. गाडी वेगात चालवल्याची पावती आली, तर नगराच्या म्युनिसिपल कोर्टात जायचं. घरमालकाने डिपॉझिट परत दिलं नाही आणि रक्कम 5000 डॉलरपर्यंत असली, तर सुपीरियर कोर्टाच्या छोट्या दाव्यांच्या विभागात, वाटलं तर वकिलाशिवाय. घटस्फोट, मुलांचा ताबा, घराच्या मालकीचा वाद हे सगळं त्याच सुपीरियर कोर्टाच्या वेगवेगळ्या विभागांत. त्याच्यावर राज्याचाच अपील विभाग आणि त्याच्यावर ट्रेंटनमधलं सात न्यायाधीशांचं न्यू जर्सीचं सुप्रीम कोर्ट. वाद राज्याच्या कायद्याचा असेल, तर ट्रेंटनचा शब्द शेवटचा. वॉशिंग्टनला त्यात हात घालता येत नाही. देशातले नव्वद टक्क्यांहून जास्त खटले या राज्यांच्या कोर्टांतच दाखल होतात आणि तिथेच संपतात.

दुसरी शिडी संघराज्याची. पेटंट, दिवाळखोरी, संघराज्याचे गुन्हे, संविधानाचे प्रश्न, किंवा दोन वेगळ्या राज्यांतल्या नागरिकांमधला 75000 डॉलरहून मोठा वाद हे सगळं त्या बाजूला. आणि व्हिसाचं प्रकरण बिघडून देशाबाहेर काढण्याची नोटीस आली, तर ज्या इमिग्रेशन कोर्टात उभं राहायचं ते न्यायपालिकेचं कोर्टच नाही. ते सरकारच्या न्याय खात्याखाली येतं. खरं न्यायालय त्यानंतरच्या टप्प्यावर भेटतं. तिकडे नातेवाईक असलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

काका : आपल्याकडे एकच शिडी आहे आणि मला तीच बरी वाटते. कणकवलीचा न्यायाधीश केंद्राचा कायदाही लावतो, राज्याचाही लावतो. सकाळी दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर म्हणून दावा ऐकतो, दुपारी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून फौजदारी खटला. पक्षकाराला दार शोधत फिरावं लागत नाही. तुमच्याकडे चुकीच्या दारात गेलं तर?

पुतणी : तर बाहेर काढतात आणि योग्य कोर्टात जायला सांगतात. त्यात वेळही जातो, पैसाही जातो. ते मान्य. पण तुमच्या एका शिडीला शेवट कुठे आहे? बांधावरच्या भांडणालाही संविधानाच्या कलम 136 खाली दिल्लीचं दार ठोठावता येतं.

काका : ठोठावता येतं. उघडतं क्वचितच.

पुतणी : पण ते ठोठावण्यात वर्षं जातात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात दरवर्षी हजारो अर्ज येतात आणि ते साधारण साठ-सत्तर प्रकरणं ऐकतं. नवातल्या चौघांना ऐकावंसं वाटलं, तरच प्रकरण घेतात. बाकीच्यांना बहुतेक वेळा एका ओळीत नकार. लोकांना ते ठाऊक असतं, म्हणून माणूस खालच्या कोर्टातच जीव तोडून लढतो.

काका : आणि खालच्याने चूक केली तर?

पुतणी : एक अपील हक्काचं. एकच. त्यापुढे परवानगी.

इथे काकांनी मोबाईल बाजूला ठेवला आणि एक कागद घेतला. पुढचा भाग मी सविस्तर लिहितो आहे, कारण सिंधुदुर्गातल्या बहुतेक घरांना तो कधी ना कधी लागू होतो.

समजा, कलमांची एक बाग आहे. सातबारावर सतरा नावं. आजोबांच्या वेळेपासून वाटप झालेलं नाही. गावात राहणारा भाऊ बाग राखतो, फवारणी करतो, पेट्या पाठवतो. मुंबईकर भावांना हिस्सा हवा आहे. एकाने कणकवलीला वाटपाचा दावा लावला. पहिलं काम समन्स. सतरापैकी नऊ जण मुंबईत, त्यांतल्या चौघांचे पत्ते बदललेले. एक मयत निघतो, मग त्याचे वारस रेकॉर्डवर आणायचे. दरम्यान गावातल्या भावाने बागेत कोणी येऊ नये म्हणून तूर्तातूर्त मनाईचा अर्ज दिलेला असतो. त्या अर्जावरचा हुकूम एकाला पटत नाही, तो ओरोसला जिल्हा न्यायालयात जातो. तिथला दुसऱ्याला पटत नाही, तो रिट घेऊन हायकोर्टात जातो. मूळ दाव्यात एकाही साक्षीदाराने अजून शपथ घेतलेली नसते.

पुतणी : हेच! काका, हेच मी म्हणते. निकाल लागायच्या आधीच प्रकरण दोन कोर्टं फिरून आलं. न्यू जर्सीत अंतिम निकालाआधी वर जायचं, तर अपील विभागाची परवानगी मागावी लागते आणि ती सहजासहजी मिळत नाही.

काका : तसा नाय गो बाय. मनाई मिळाली नाही आणि त्या हंगामात कलमं तोडली गेली, तर दहा वर्षांनी हुकूमनामा घेऊन तो काय करणार? आंब्याचं कलम तोडलं तर निकालाने उगवत नाही.

पुतणी यावर काही क्षण थांबली. तोडलेल्या कलमाला उत्तर नाही, हे तिलाही दिसत होतं.

पुढे पुरावा येतो. वादीचा सरतपास, उलटतपास. जुने फेरफार, जमीन महसुलाच्या पावत्या, घरपत्रक. कोर्ट कमिशनर जागेवर जाऊन कलमं मोजतो, गडगा कुठे आहे, विहीर कोणाच्या बाजूला आहे, ते नकाशावर घेतो. साक्षीदार मालवणीत बोलतो, कोर्ट मराठीत नोंदवतं. न्यायाधीश त्याच्या चेहऱ्याकडे बघतो, तो कुठे अडखळतो ते बघतो. मग हिस्से ठरवणारा हुकूमनामा होतो. त्यावर तीस दिवसांत ओरोसला पहिलं अपील. तिथे सगळा पुरावा पुन्हा तपासता येतो, पण तो कागदावरचा पुरावा. साक्षीदार पुन्हा उभा राहत नाही. त्यानंतर नव्वद दिवसांत हायकोर्टात दुसरं अपील, आणि 1976 च्या दुरुस्तीपासून ते फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालतं. विहीर कोणी खणली, कलमं कोणी लावली, हे कोल्हापूर सहसा बघत नाही. कणकवलीत जे लिहिलं गेलं, त्यावरच वरचा सगळा डोलारा उभा राहतो.

हुकूमनामा कायम झाला, तरी बाग हातात येत नाही. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हायचं. म्हणजे फाईल तहसीलदारांकडे, तिथून भूमी अभिलेखकडे मोजणीला, मग हरकती, मग ताबा. दावा लावणारा तोवर हयात असेलच, असं नाही.

पुतणी : मग काका, यात कोल्हापूरने काय बदललं?

काका : दुसऱ्या अपिलाचा खर्च आणि वेळ बदलला. तेवढंच. पण ते तेवढंच लहान नाही. दोडामार्गच्या माणसाला पर्वरीचं हायकोर्ट अगदी जवळ, पण ते गोव्याचं. तो डोंगर, नद्या ओलांडून मुंबईला जात होता. आणि औरंगाबादचं खंडपीठसुद्धा 1981 मध्ये असंच सुरू झालं. मुख्य न्यायमूर्तींनी राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 51 खाली बसायची जागा ठरवली, तीन वर्षांनी ते कायमचं झालं. कोल्हापूरचंही होईल, असा मला भरवसा आहे.

मग विषय फौजदारीकडे वळला आणि दोघांतला खरा विरोध तिथे दिसला.

पुतणी : एका बाबतीत मात्र मला तिकडचीच पद्धत न्याय्य वाटते. आरोपी निर्दोष सुटला की संपलं. सरकारला त्यावर अपील करता येत नाही. एकाच गुन्ह्यासाठी माणसाला दोनदा धोक्यात घालायचं नाही, हे त्यांच्या संविधानाच्या पाचव्या दुरुस्तीत लिहिलंय. सरकारकडे पोलीस आहेत, पैसा आहे, सरकारी वकील आहेत. एका खटल्यात सिद्ध करता आलं नाही, तर तो माणूस घरी जायला हवा.

काका : आणि नानावटी?

1959 चा तो खटला मराठी वाचकाला सांगायला नको. मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नौदल अधिकारी नानावटी यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो कौल पुराव्याला धरून वाटला नाही, म्हणून त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने 1960 मध्ये जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने 1961 मध्ये ती कायम केली. अमेरिकेत ज्युरीच्या कौलावर खटला तिथेच संपला असता. आपण पुढे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीच ठेवली नाही.

काका : वर्तमानपत्रांनी आणि गर्दीने भारून गेलेल्या नऊ माणसांच्या वर कोणीतरी असावं लागतं. आणि मोठ्या माणसांचं सोड. गावातल्या एखाद्या मुलीवर अत्याचार झाला, साक्षीदार फुटले, आरोपी सुटला आणि सरकारने अपील केलं नाही, तर ती मुलगी काय करणार? 2009 पासून आपल्या कायद्याने पीडिताला स्वतः अपील करायचा हक्क दिला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तो आहे. तुमच्या त्या पाचव्या दुरुस्तीत तिला जागा आहे?

पुतणी : नाही. पण सुटलेल्या निरपराध माणसाला पुढची दहा वर्षं अपिलाच्या टांगत्या तलवारीखाली ठेवणं, हाही अत्याचारच.

काका : कबूल. तरी मी त्या मुलीच्या बाजूने.

पुतणी : मी त्या माणसाच्या.

हा मुद्दा तिथेच राहिला. माझा कल काकांकडे आहे, पण पुतणीने दाखवलेली किंमत खरी आहे, आणि ती आपल्याकडे बहुतेक वेळा गरीब आरोपीच भरतो.

काकांनी मग अमेरिकेवरचे आक्षेप एकामागून एक काढले. तिथे शिक्षा झालेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांचा खटला साक्षीपुराव्यापर्यंत जातच नाही. सरकारी वकिलाशी तडजोड करून ते गुन्हा कबूल करतात, कारण लढून हरलं तर शिक्षा कितीतरी मोठी. कित्येक राज्यांत न्यायाधीश निवडणूक लढवून येतात आणि प्रचाराला देणग्या घेतात. पुतणीने न्यू जर्सीत तसं नाही, तिथे गव्हर्नर नेमतो आणि सिनेट मान्यता देतं, असं सांगितलं, पण बाकीचं नाकारलं नाही.

काका : आणि दिवाणी दाव्यात गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळतो का तिथे?

पुतणी : सहसा नाही. 1963 च्या गिडियन निकालाने फौजदारी खटल्यात तो हक्क दिला. घर जात असलं, जमीन जात असली, तरी वकील स्वतःच्या पैशाने. तासावर फी.

काका : आपल्या तालुका विधी सेवा समितीकडे कुठलीही स्त्री गेली, तरी तिला मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न कोणी विचारत नाही. हा 1987 चा कायदा आहे.

पुतणी : कायदा सुंदर आहे काका. गावातल्या किती बायकांना तो माहीत आहे?

काका काही बोलले नाहीत. तो प्रश्न आपल्या सगळ्यांनाच आहे. ग्रामसभेत, बचत गटांच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत ही एक गोष्ट सांगायला पाच मिनिटं पुरतात.

शेवटी बोलणं पुन्हा मूळ प्रश्नावर आलं: दावा संपावा कुठे?

पुतणी : जिथे साक्षीदार उभा राहिला, तिथे. ज्या न्यायाधीशाने त्याचा चेहरा पाहिला, त्याच्याइतकं वरच्या कोणालाच दिसत नाही. अमेरिकेत ज्युरीने ठरवलेली वस्तुस्थिती वरचं कोर्ट सहसा उकरत नाही, त्याचं कारण हेच.

काका : मग खाली तेवढे न्यायाधीश द्या. स्टेनो द्या. एका दिवसाच्या बोर्डावर एवढी कामं लावू नका की साक्षीला पंधरा मिनिटंही मिळणार नाहीत. सरतपास-उलटतपास सलग होऊ दे. एवढं झालं, तर मीच अशिलाला सांगेन, वर जाऊ नकोस.

माझं मत इथे काकांच्या या वाक्याशी येऊन थांबतं. कोल्हापूरचं बेंच हवंच होतं, आणि ते कायमचं व्हावं. पण सरकारच्या तिजोरीतला पुढचा रुपया तालुका कोर्टाकडे जायला हवा, कारण बाग कोणाची, हे तिथेच ठरतं. आमदार-खासदारांकडे आपण रस्ता मागतो, पूल मागतो. तालुक्याच्या कोर्टात दुसरा न्यायाधीश मागितल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. तो मागावा.

आणि ज्यांचा दावा आज चालू आहे, त्यांच्यासाठी दोघांनीही मला एकच गोष्ट लिहायला सांगितली. पुराव्याच्या तारखेला स्वतः हजर राहा, सगळे कागद तिथेच द्या, वर देऊ म्हणून मागे ठेवू नका. भावंडांत बोलणी होण्यासारखी असतील, तर लोकअदालतीत जा. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, तो शेवटचा असतो. आणि निकाल लागला, की त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज करा. अपिलाची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात खरे, पण अर्ज करायला तुम्ही लावलेला उशीर वजा होत नाही.